लाल बटणाचं कुणी ऐकत नाही

मुंबईत पाणी न येण्याचं शास्त्र फार पुढे गेलेलं आहे. नळ कोरडा पडला की चेंबूरमधलं शेंबडं पोरही कारणं धडाधड सांगेल. चावीवाल्यानं चावी फिरवली नाही, मेन लायनीला लीकेज आहे, मोटरनं एअर धरलाय, फूटव्हॉल्व्ह गेलाय, नाहीतर शेजारच्या बिल्डिंगनं ओढून घेतलं. प्रत्येक कारणाचा उपाय ठरलेला, उपायाचा माणूस ठरलेला, आणि त्या माणसाचा नंबर वॉचमनच्या केबिनच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेला. पण पाणी थांबतच नसेल तर काय करायचं, या विषयातला तज्ज्ञ शोधून सापडायचा नाही. ज्या शहरात लोक पहाटेचा गजर लावून बादल्या भरतात, तिथं ‘पुरे झालं, आता बंद करा’ असं पाण्याला सांगायची पाळी कुणावर आलीय?

आमच्या सोसायटीवर ती आली, आणि मुहूर्त बघून आली. साल २०२४. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला आणि ५ जूनपासून मुंबईत दहा टक्के पाणीकपात लागू झाली. तलावांनी तळ दाखवला होता. वर्तमानपत्रांत भेगाळलेल्या जमिनीचे फोटो येत होते, शॉवर वापरू नका, गाड्या पाइपनं धुऊ नका अशी आवाहनं चालली होती. अशा दिवसांत एके सकाळी आमच्या सातव्या मजल्याच्या गच्चीवरून धबधबा कोसळू लागला.

धबधबा चांगला होता. ओव्हरफ्लोच्या पाइपातून सुटलेलं पाणी आधी पाचव्या मजल्याच्या छज्ज्यावर आपटायचं, तिथून दुसऱ्या मजल्याच्या एसीवर, आणि मग तळमजल्यावरच्या मोगऱ्याच्या कुंड्यांत. रस्त्यानं डायमंड गार्डनला फिरायला निघालेली मंडळी थांबून वर बघत होती. समोरच्या सोसायटीचे चेअरमन बनियनवर बाल्कनीत आले आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, “तुमच्याकडे कपात नाही वाटतं?” त्याच वेळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहाव्या मजल्यावरून रोजचा सुप्रभात संदेश आला. त्यात धबधब्याचं चित्र होतं आणि खाली ‘जल हेच जीवन’. पाठवणाऱ्या वहिनींनी तो हेतुपुरस्सर पाठवला की नेहमीच्या गठ्ठ्यातला होता, यावर ग्रुपमध्ये अजून दोन तट आहेत.

आता, बिल्डिंगला मोटर लागते कशाला, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९ चा, मग तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि सगळ्यांत धाकटं मध्य वैतरणा, २०१४ चं. तानसा-वैतरणेचं पाणी शंभर किलोमीटरच्या आसपासचं अंतर बहुतेक उतारावरच कापतं. भातशाचं पाणी मात्र पिसे आणि पांजरापूरला पंपानं उचलावं लागतं. भांडुपला नाहीतर पांजरापूरला ते शुद्ध होतं आणि ट्रॉम्बेच्या टेकडीवरच्या जलाशयातून चेंबूरच्या बऱ्याच भागात उतरतं. अलीकडे तर अमर महालच्या हेडगेवार उद्यानापासून ट्रॉम्बेच्या जलाशयापर्यंत साडेपाच किलोमीटरचा जलबोगदा खणलाय, तोही जमिनीखाली शंभर मीटरपेक्षा खोल. एवढा सगळा खटाटोप करून महापालिका आमच्या गेटाच्या आत, खालच्या टाकीत पाणी आणून सोडते आणि हात झटकते. राहिले शेवटचे ऐंशी फूट. ते आमचे आम्ही बघायचे.

आणि आमचं बघणं कसं असतं, ते जिन्याखालच्या पंपरूममध्ये दिसतं. खोली तशी पंपाची. पण पंप कोपऱ्यात अंग चोरून उभा असतो, कारण बाकीच्या जागेत गणपतीच्या मांडवाचे बांबू, पाय मोडलेलं कॅरमबोर्ड, एका सभासदाच्या परदेशी गेलेल्या मुलाची सायकल आणि १९९८ सालापासूनच्या मेंटेनन्सच्या पावत्यांची पोती आहेत. भिंतीवर स्टार्टरचा लोखंडी डबा. त्यावर दोन बटणं, हिरवं चालू करायचं, लाल बंद करायचं. मी त्या दिवशी ती नीट पाहिली. हिरवं बटण इतक्या वर्षांत दाबून दाबून गुळगुळीत झालंय, त्यावरचा इंग्रजी शब्दही पुसून गेलाय. लाल बटण कोरं करकरीत. त्याच्या कडेला रंगाऱ्याच्या चुन्याचा शिंतोडा होता, तोही शाबूत. कारण बंद करायचं काम वरच्या टाकीतल्या फ्लोटकडे. टाकी भरली की फ्लोट उचलला जातो आणि मोटर आपोआप बंद पडते. मोटर आपोआप चालू होत असली तरी चालू करायला माणूस हजर असतो; बंद व्हायचं ते आपोआप, ही आमच्या सोसायटीची एकूणच कार्यपद्धती आहे.

वॉचमन धावत आला. “साब, मोटर बंद नही हो रहा.” सेक्रेटरी दाढीचा फेस पुसत खाली आले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. मोटर चालू. पुन्हा दाबलं. चालू. मग दाबून धरलं आणि डोळे मिटले. मोटर चालूच. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचा अविश्वास पाहण्यासारखा होता. सोसायटीत त्यांचं कुणी ऐकत नाही हे त्यांना माहीत होतं, पण यंत्रही त्या गटात सामील झालं असेल अशी कल्पना नव्हती.

मग सुरू झाली बटण दाबायची रांग. आपल्याकडे बिघडलेल्या वस्तूपाशी जमलेल्या प्रत्येकाची अशी श्रद्धा असते की बटण ठीक आहे, दाबणारा चुकतोय. चेअरमन म्हणाले, “असं नाही, हलकेच दाबा.” त्यांनी हलकेच दाबलं. तिसऱ्या मजल्यावरचे जिमवाले म्हणाले, “जोर लागतो त्याला.” त्यांनी जोर लावला. लहान मुलांनी शाळेच्या बसला अजून वेळ आहे हे पाहून दोन-दोन चान्स घेतले. दुसऱ्या मजल्यावरचे सिंधी काका, ज्यांचं घराणं फाळणीनंतर थेट चेंबूर कॅम्पात उतरलं आणि ज्यांना कुठल्याही संकटाचं फारसं काही वाटत नाही, ते खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येकाला दाद देऊ लागले. वॉचमन मागून तिसऱ्यांदा म्हणाला, “साब, मेन गिरा दूँ?” पण वॉचमनला उत्तर देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. शेवटी त्यानं स्वतःच खटका खाली ओढला.

मोटर थांबली. धबधबा थांबला. टाळ्या पडल्या. आणि वरून, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध कुठूनतरी, खजिनदारांचा आवाज आला.

झालं होतं ते असं, की खजिनदार गच्चीवरचा फ्लोट तपासायला लिफ्टनं निघाले होते. आणि मोटर, जिन्याचे दिवे व लिफ्ट हे तिन्ही एकाच खटक्यावर आहेत, कारण काही वर्षांपूर्वी वेगळी लाइन टाकायचं कोटेशन आलं तेव्हा याच खजिनदारांनी ‘अनावश्यक खर्च’ असा शेरा मारून ते बाजूला ठेवलं होतं. त्यामुळे आता निवड सरळ होती. खटका वर केला तर खजिनदार सुटतात आणि पाणी वाहतं. खटका खाली ठेवला तर पाणी वाचतं आणि खजिनदार राहतात. पाणीटंचाईचे दिवस. मंडळी क्षणभर विचारात पडली, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. शेवटी खटका वर झाला, पण त्यावर थोडी चर्चा होऊन झाला.

आमच्या बिल्डिंगमध्ये अणुशक्तीवाले काका राहतात. भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले. चेंबूरच्या प्रत्येक जुन्या बिल्डिंगमध्ये असे एक काका असतातच आणि मिक्सरपासून मोडेमपर्यंत सगळं त्यांना दाखवलं जातं. काका पंपरूमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “इथून पाच-सहा किलोमीटरवर १९५६ साली अप्सरा सुरू झाली. आशियातली पहिली संशोधन अणुभट्टी. ती हवी तेव्हा बंद करता येत होती. आणि तुम्हाला पाच हॉर्सपॉवरची मोटर बंद करता येत नाही?”

“काका, तिथं बजेट असतं,” खजिनदार म्हणाले. ते नुकतेच खाली आले होते.

काकांनी शांतपणे निदान मांडायला सुरुवात केली. मोटर बंद होत नसेल, तर चूक तीन ठिकाणी असू शकते. एक, गच्चीवरचा फ्लोट अडकलाय. दोन, गच्चीवरून खाली येणाऱ्या वायरीत काहीतरी झालंय. तीन, स्टार्टरमध्येच दोष आहे. यातला दुसरा प्रकार काकांच्या खास आवडीचा दिसला. ते म्हणाले, काही यंत्रणा अशा बसवलेल्या असतात की टाकीतल्या सेन्सरची वायर तुटली तर खालच्या पेटीला वाटतं, टाकी रिकामी आहे. वरून काही निरोपच येत नाही, म्हणजे पाणी नाही, असं ती धरून चालते आणि मोटर चालूच ठेवते. खाली पाणी संपेपर्यंत.

मला ही पेटी अस्सल मुंबईकर वाटली. वरून काही कळलं नाही म्हणजे टंचाई आहे असं समजायचं आणि मिळतंय तोवर भरून घ्यायचं. घरात पिंप भरलेलं, दोन कळश्या भरलेल्या, बाथरूममधली बादली भरलेली, तरी पाणी जायच्या वेळी हात आपसूक रिकाम्या पातेल्याकडे जातो. भरलं, आता बास, हा निरोप आपल्या डोक्यापर्यंत पोचवणारी वायर कुणी टाकलेलीच नाही. आपण पाण्याची जी काही व्यवस्था केली, ती सगळी सुरू होण्याची. थांबण्याची गरज पडेल असं ना पेटी बनवणाऱ्याला वाटलं, ना आपल्याला.

काकांनी मग स्टार्टरशेजारचा ‘ऑटो-मॅन्युअल’चा खटका मॅन्युअलवर नेला आणि लाल बटण दाबलं. मोटर चालू. “सुटला प्रश्न,” काका म्हणाले. “मॅन्युअलवर फ्लोटचा आणि वायरीचा संबंधच तुटतो. तरी बंद होत नाही, म्हणजे दोष या डब्यात. गच्चीवर जायची काही गरज नाही.”

हे ऐकून सगळे गच्चीवर गेले.

याला कारण आहे. चेंबूरमध्ये गच्ची हा सामाजिक दस्तऐवज असतो आणि तिची किल्ली वर्षातून फार थोड्या वेळा बाहेर निघते. शिवाय कुणी कुठे काय ठेवलंय, हे पाहण्याची एरवी संधी मिळत नाही. सहाव्या मजल्यावरच्यांचे पापड, पाचव्याची जुनी गादी, बंद पडलेल्या डिश अँटेनांचं जंगल, आणि सातव्या मजल्यावरच्यांनी टाकीच्या सावलीत गुपचूप लावलेली वांगी. वांग्यांना त्या दिवशी भरपूर पाणी मिळालं होतं. सेक्रेटरींनी वांग्यांचा फोटो काढून ठेवला. तो पुढे कामाला येणार होता.

गच्चीवरून चारी दिशांना पुनर्विकासाच्या क्रेन दिसतात. आमचाही पुनर्विकास होणार आहे. गेली कित्येक वर्षं तो पुढच्या वर्षी होणार आहे. त्यामुळे आमच्याकडे काहीही दुरुस्त करायचं म्हटलं की, “आता कशाला, पाडायचीच आहे,” हे उत्तर तयार असतं. फ्लोट का बदलला नाही, तर पाडायचीच आहे. गंजलेली पाइपलाइन, तीही पाडायचीच आहे. त्या हिशेबानं आम्ही सगळे एका पाडलेल्या बिल्डिंगमध्ये राहतो, फक्त तिच्या भिंती अजून उभ्या आहेत.

दक्षिणेकडे माहुलच्या चिमण्या दिसतात. तिकडे बघून सिंधी काका म्हणाले, “देखो, आपला पंप थांबत नाही आणि म्युन्सिपाल्टीचा सुरू होत नाही.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर शहराच्या पाण्याचा निचरा करायला मोठी पंपिंग स्टेशनं उभारण्याच्या कामानं जोर धरला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबंध अशी सहा झाली. चेंबूर-कुर्ल्याच्या कामाचं जे माहुलचं, ते जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकून राहिलं. त्यामुळे जुलैत आम्ही जमिनीवरचं पाणी कधी उपसलं जातंय याची वाट बघतो. जूनमध्ये मात्र गच्चीवरचं पाणी कधी थांबतंय याची वाट बघत होतो. पंपाच्या बाबतीत चेंबूरचं नशीब हे असं आहे.

दरम्यान खजिनदार घाईला आले होते. पालिकेचं पाणी मीटरवर असतं आणि दर टप्प्यांचे. माणशी रोजच्या दीडशे लिटरपर्यंत मूळ दर, त्यापुढे चढत जातो. वाहून गेलेलं पाणी कुणी प्यालं नाही, अंघोळीला वापरलं नाही, म्हणून मीटर काही ते वजा करत नाही. वर विजेचं आलंच. काकांनी नोटीस बोर्डावरच्या एका शोकसंदेशाच्या कोपऱ्यात हिशेब मांडून दाखवला. हजार लिटर पाणी पंचवीस मीटर उंच चढवायला सुमारे अडीच लाख ज्यूल लागतात, एका युनिटात छत्तीस लाख असतात, म्हणजे कागदावर एका युनिटात चौदा हजार लिटर वर गेलं पाहिजे. “आणि प्रत्यक्षात?” खजिनदारांनी विचारलं. काकांनी कुरकुरणाऱ्या पंपाकडे पाहिलं. “निम्मं गेलं तरी पेढे वाटा.”

वायरमनला फोन गेला. “पाच मिनटात पोचतो,” तो म्हणाला, आणि दुपारी आला. तोपर्यंत वॉचमननं व्यवस्था सांभाळली. लिफ्टमध्ये कुणी नाही ना, हे ओरडून विचारायचं, खटका खाली, थोड्या वेळानं खटका वर. गच्चीवर कुणी, जिन्यावर कुणी, असे आवाज देणारे नेमले गेले. एरवी एकमेकांशी पार्किंगवरून न बोलणारी घरं त्या दुपारी मजल्यामजल्यावरून “पाणी आलं”, “बंद कर”, “आजी लिफ्टमध्ये आहेत, थांब” असं बोलत होती. एकोप्याचा हा प्रकार पाहून चेअरमन हेलावले आणि लगेच त्यांनी पुनर्विकासाच्या संमतिपत्राचा विषय काढला. एकोपा तिथंच संपला.

वायरमन पोरगेलासा होता. खांद्याला पिशवी, खिशात टेस्टर, कानात इअरफोनची एक वायर. त्यानं कुणाचंच म्हणणं ऐकून घेतलं नाही. पंपरूममध्ये शिरला, मोटर चालू असतानाच स्टार्टरच्या डब्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं एक टोला दिला. टक्. मोटर बंद.

एवढी शांतता आमच्या सोसायटीत जनरल बॉडीत कोरमअभावी सभा तहकूब होते तेव्हाही नसते.

“कॉन्टॅक्टर चिकटलाय,” तो म्हणाला. मेन बंद करून डबा उघडला आणि आतून एक छोटा काळा ठोकळा काढून काकांच्या हातात दिला. लाल बटणाचं कुणी का ऐकत नव्हतं, ते त्या ठोकळ्यात होतं. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलमध्ये करंट जातो, तिचं चुंबक होतं, ते पट्टी ओढून घेतं, तीन जोड्या टोकं एकमेकांना भिडतात आणि मोटरला वीज मिळते. लाल बटण कॉइलचा करंट तोडतं, चुंबक सोडून देतं, स्प्रिंग टोकांना लांब ढकलते. पण चालू होताना मोटर नेहमीच्या सहापट करंट ओढते, टोकांवर ठिणगी पडते. ती वरचेवर पडत राहिली की टोकं वितळून एकमेकांना चिकटतात. मग लाल बटण दाबा, फ्लोट हलवा, ऑटो करा, मॅन्युअल करा. हुकूम बरोबर पोचतो, चुंबक बिचारं कधीच सोडून मोकळं झालेलं असतं, पण टोकं जागची हलत नाहीत. काकांनी भिंगातून पाहिलं. तांब्याचांदीची ती टोकं करपलेल्या जिऱ्यासारखी काळी पडली होती.

“आमच्याकडे,” काका म्हणाले, “चुंबकानं सोडलं की भट्टीच्या सळ्या आपल्या वजनानं खाली पडतात. स्प्रिंगच्या भरवशावर सगळं सोडत नाहीत.”

“हो, पण हे दोन हजारांच्या आत बसतंय,” खजिनदार म्हणाले. दिवसभरात त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता.

नवा कॉन्टॅक्टर बसवता बसवता वायरमननं सहज विचारलं, “हा असा लवकर चिकटत नाही. मोटर सारखी चालू-बंद, चालू-बंद होत होती का?”

सेक्रेटरी म्हणाले, “छे.” चेअरमन म्हणाले, “अजिबात नाही.” जिमवाले म्हणाले, “फुल ऑटोमॅटिक आहे आमची.” वॉचमन काहीतरी बोलणार होता, पण त्याला पद्धतीप्रमाणे कुणी बोलू दिलं नाही.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, “टाकी धुतल्यापासून होते आहे.”

पहिल्या मजल्यावरच्या तमिळ मामी. त्यांचं स्वयंपाकघर बरोबर पंपरूमच्या डोक्यावर. चेंबूरमध्ये दोन पिढ्या काढलेल्या, मराठी आमच्या मुलांपेक्षा स्वच्छ, आणि फाइन आर्ट्स सोसायटीतल्या गाण्याच्या मैफलीला तासन्‌तास मांडीवर ताल धरून बसणाऱ्या. मामी म्हणाल्या, “आधी दिवसातून चार-पाचदा टक् व्हायचं. टाकी धुणारे येऊन गेले आणि मग दर थोड्या वेळानं टक्, मोटर चालू, एक मिनिट, टक्, बंद. मी इडलीचं वाटते तेवढ्या वेळात किती वेळा. रात्री तर अगदी तालात. आज पहाटे मधेच ताल तुटला. टक् झालं आणि पुढचं टक् आलंच नाही. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, आता काहीतरी होणार.”

“अहो मामी, मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं ना. तुमच्या ग्रुपवर लिहिलं होतं. खाली तुम्ही चार जणांनी हात जोडलेले पाठवलेत.”

सगळ्यांनी फोन काढले. संदेश होता. एका वाढदिवसाच्या केकच्या आणि ‘पार्किंगमध्ये स्कूटर कुणाची?’च्या मधोमध.

पुन्हा सगळे गच्चीवर, यावेळी कारण असताना. टाकीचं झाकण उघडून वायरमननं टॉर्च मारला. फ्लोट म्हणजे वायरीच्या टोकाला लोंबणारा प्लास्टिकचा ठोकळा. वायर जिथं बांधलेली असते तिथून ठोकळ्यापर्यंत जेवढी लांबी, तेवढं पाणी उतरल्याशिवाय तो खाली कलत नाही आणि मोटर चालू होत नाही. टाकी धुणाऱ्यांनी काम करताना मधे येतं म्हणून ती वायर शिडीच्या पायरीला तीन वेढे देऊन बांधली होती आणि तशीच ठेवून गेले होते. ठोकळ्याला हलायला जेमतेम वीतभर जागा. तेवढं पाणी म्हणजे सकाळी दोन मजल्यांनी दात घासले की खल्लास. मग मोटर चालू, लगेच टाकी फुल, मोटर बंद, तोवर तिसरा मजला उठलेला. असं रोज, दिवसभर, आणि प्रत्येक वेळी सहापट करंटची ठिणगी. त्या तीन वेढ्यांनी कॉन्टॅक्टर खाल्ला. वायरमननं वेढे सोडले. त्याचे पैसे घेतले नाहीत. “गाठ सोडायचे काय घ्यायचे?” म्हणाला. खजिनदारांनी त्याला चहा पाजला. ही घटना सोसायटीच्या इतिहासात दुसऱ्यांदा घडली.

इतर कुठल्याही देशात गोष्ट इथं संपली असती. आमच्याकडे सभा बोलावली जाते.

सभेपुढचा विषय, वाहून गेलेल्या पाण्याचे पैसे कुणी द्यायचे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत पाण्याचा खर्च प्रत्येक गाळ्यातल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा असं आहे. म्हणजे ज्याच्याकडे नळ जास्त, त्याचा वाटा जास्त. पण हे पाणी कुणाच्याच नळातून गेलेलं नव्हतं. ते ओव्हरफ्लोच्या पाइपातून गेलं, आणि ओव्हरफ्लोचा पाइप हा सभासद नाही. जिमवाले म्हणाले, तळमजल्यावरच्या मोगऱ्याला फायदा झाला, त्यांनी द्यावेत. तळमजला म्हणाला, मोगरा कुजला, उलट आम्हाला भरपाई द्या. दुसऱ्या मजल्यानं एसीवर पाणी पडल्याचा दावा लावला. इथं सेक्रेटरींनी वांग्यांचा फोटो बाहेर काढला. सातव्या मजल्यानं शांतपणे विचारलं, गच्चीत गादी कुणाची आहे? पाचवा मजला गप्प झाला. मग बराच वेळ कुणी कुणावर आरोप करत नव्हतं. प्रत्येकाचं काही ना काही गच्चीवर होतं.

शेवटी खर्च सर्वांत सारखा वाटायचा ठराव झाला, कॉन्टॅक्टरला मंजुरी मिळाली, लिफ्टची लाइन वेगळी करण्याचा विषय ‘पुनर्विकासाच्या अनुषंगाने’ पुढे ढकलला गेला, आणि चेअरमननी आभार मानायला तोंड उघडलं. तेवढ्यात मामींनी हात वर केला.

“लिफ्टमधून आवाज येतोय,” त्या म्हणाल्या.

“कसला?”

“थांबायच्या आधी पूर्वी एकदा खट् व्हायचं. आता दोनदा होतं. कधी कधी होतच नाही, नुसती हळू होते.”

खजिनदारांनी घड्याळाकडे पाहिलं. “मामी, सध्या चालतेय ना लिफ्ट? मग आता कशाला उगाच खर्च? बंद पडली की बघू.”

“बंद पडली तर काय, तुम्हाला सवय आहे,” मामी म्हणाल्या. “थांबलीच नाही तर?”

सभा सातव्या मजल्यावर होती. ठराव वगैरे काही झाला नाही, पण त्या रात्री अख्खी कमिटी जिन्यानं खाली उतरली. सर्वांत पुढे खजिनदार होते.